चुका गेल्या फाइलीत

आधीच सांगून ठेवतो, महरेसपासून स्फाक्सपर्यंतच्या रस्त्यावर ऑलिव्ह तेलाच्या जेवढ्या गिरण्या आहेत, त्या सगळ्यांत कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच. तो मी. हे मी म्हणत नाही, आमचे मालक सी नूरी, म्हणजे नूरीसाहेब, म्हणतात. म्हणजे एकदा म्हणाले होते. मी पगारवाढ मागायला गेलो तेव्हा म्हणाले, "तुझ्यासारखा दुसरा मिळायचा नाही रे शाकिर," आणि वाढ दिली नाही. पण वाक्य त्यांचंच.

गिरणीतलं माझं काम म्हणजे पाळीचे मेसेज. जैतुनाचा हंगाम लागला की पंचक्रोशीतला जो तो पिकअप भरून आमच्या दारात. फळ झाडावरून उतरलं की लगेच घाण्यात पडायला हवं, नाहीतर पोत्यात तापतं आणि तेलाला वास मारतो. म्हणून पाळीवरून भांडणं. गेल्या वर्षी दोघा सख्ख्या भावांनी रागाच्या भरात एकमेकांच्या गाडीची हवा सोडली. मागाहून लक्षात आलं की गाडी एकच, भागीदारीतली. दोघंही पायी घरी गेले.

तेव्हापासून सी नूरींनी नियम केला. "पाळी एकट्याला कळवायची नाही. सगळ्यांची पाळी सगळ्यांना कळवायची. उद्या कुणी म्हणायला नको, नूरीने मेव्हण्याला मधे घुसवला."

"तुमचा मेव्हणा मधे घुसतोच की," मी म्हणालो.

"तेही कळव. पण सगळ्यांना कळव."

मग मी त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. कॉम्प्युटरमध्ये 'जावक' नावाचा एक फोल्डर केला. त्यात जी फाइल पडेल ती स्क्रिप्टने उचलायची, तिच्यातली एकेक ओळ यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवायची, आणि फाइल फेकून द्यायची. दर थोड्या वेळाने हेच. आत काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. टपालवाल्याने पत्रं वाचू नयेत, तसं.

आता कुठलीही स्क्रिप्ट म्हटली की ती कुरकुर करणारच. कुणाचा नंबर बंद, कुणाच्या फोनमध्ये मेसेजला जागा नाही, काट्यावरून वजनाचा आकडा आला नाही. असं काही झालं की ती पडद्यावर तक्रार लिहिते. त्या तक्रारीचे शब्द मात्र लिहिणाऱ्याने आधी लिहून ठेवायचे असतात, आणि माझ्या धंद्यातली सगळी माणसं इथेच वाया जातात. 'नंबर लागत नाही' असं कोरडं लिहून मोकळी होतात. मी हंगामभर तेलाच्या वासात एकटा बसणारा माणूस. पडद्याकडे बघून मला निदान हसू तरी यायला नको? म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी मी खास ओळी बांधल्या होत्या.

काट्यावरून वजन आलं नाही की पडद्यावर यायचं: 'लझहर काटा सोडून परत चहाला गेला. याला मूत्रपिंड आहे की पखाल?'

मबरूका मावशींचा जुना फोन भरलेला असला की: 'मबरूका मावशींकडे जागा नाही. फोनमध्ये नातवंडं आणि पोटात गावच्या भानगडी, दोन्ही गच्च.'

आणि माझी सगळ्यात लाडकी ओळ, हाज मखलूफ यांच्यावरची. हाज दर महिन्या-दीड महिन्याने सिमकार्ड बदलायचे, कारण नव्या कार्डावर बोलायला फुकट मिनिटं मिळतात. ती संपली की कार्ड कचऱ्यात. त्यांच्यासाठी लिहिलं होतं: 'हाज मखलूफचा नंबर बंद. फुकटची मिनिटं संपली, म्हातारा नव्या कार्डावर गेला. याच्या घरी चहात बदाम टाकतात ते दोरा बांधून, पाहुणा उठला की ओढून घ्यायला.'

ही ओळ सुचली त्या दिवशी मी स्वतःलाच एक कॉफी पाजली होती.

आता यातली भानगड अशी की हाजची मुलगी सिहाम. शाळेत शिकवते. बापाने कार्ड बदललं की नवा नंबर लिहून द्यायला तीच गिरणीत यायची.

"बाबांचा नंबर बदललाय."

"परत?"

"परत."

मागचा अख्खा हंगाम आमचं एवढंच बोलणं झालं, आणि हाजच्या कंजूषपणाला मी मनातून दुवा देत राहिलो. हंगाम संपला तसं आईला सांगितलं. आई मिठाईचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली, बायकाबायकांचं जमलं, सगळं ठरल्यासारखं झालं. राहिला होता फक्त हाजचा होकार. बोलणी चालू असताना मुलीने गिरणीच्या दारात जायचं नाही असं त्यांनी घरात सांगून टाकलं. त्यामुळे सिहाम यायची थांबली, आणि त्यांचा नवा नंबरही.

आणि एक दिवस त्यांचा निरोप आला. "मुलगा काय काम करतो ते मला डोळ्यांनी बघायचंय. खुर्चीत बसून काचेकडे बघायचं याला आमच्या वेळी काम म्हणत नसत. माझं जैतून घेऊन येईन त्या दिवशी पाळी लागेपर्यंत त्याच्याच खोलीत बसतो."

माझं लग्न त्या बसण्यावर होतं. आणि माझ्या पडद्यावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यांचा बंद नंबर आणि तो बदाम!

शहाण्या माणसाने ती ओळ पुसली असती. पण खरं सांगू का, हात धजेना. चांगलं वाक्य रोज सुचत नाही. आणि पुसायची गरजच काय? आमच्या शास्त्रात याला सुरेख उपाय आहे. कमांडच्या शेवटी दोनचा आकडा टाकायचा, त्याच्यापुढे बाण, बाणापुढे फाइलचं नाव. झालं. स्क्रिप्टला काय बोंबलायचं ते ती त्या फाइलीत बोंबलते, पडद्यावर चिडीचूप. त्यातही एक बाण टाकला तर दर वेळी जुनं पुसून नवं लिहिलं जातं, आणि दोन टाकले तर जुन्याच्या खाली नवं येत राहतं. मी दोन टाकले. माझी एकही ओळ वाया जाता कामा नये.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना? मी मूठ झाकली आणि सी नूरींना सांगायला गेलो.

"आजपासून पडदा स्वच्छ. एक चूक दिसणार नाही."

"चुका व्हायच्या बंद झाल्या?"

"दिसायच्या बंद झाल्या."

त्यांनी जरा विचार केला. "माझ्या बायकोलाही हे शिकव," म्हणाले, आणि घाण्याकडे गेले.

फक्त एक राहिलं. फाइलचं नाव मी लिहिलं, ती ठेवायची कुठे ते लिहिलं नाही. आणि ते लिहिलं नाही की फाइल तिथेच पडते जिथे स्क्रिप्ट त्या घडीला उभी असेल. माझी स्क्रिप्ट कामाला लागताना सगळ्यात आधी जाऊन उभी राहायची ती 'जावक' फोल्डरमध्ये. आता मला झोपेतून उठवून विचारलंत तरी हे सांगेन. त्या दिवशी मात्र नाही सुचलं.

हाज मखलूफ सकाळीच आले. डोक्यावर लाल शेशिया, अंगावर लोकरी बुरनूस, बोटात जपमाळ. खुर्ची आधी हाताने झटकली, मग तिचे पाय हलवून पाहिले, मग बसले.

"हं. दाखव."

"हा पडदा, काका."

"रिकामा आहे."

"रिकामा म्हणजेच उत्तम. काही बिघडलं तर इथे अक्षरं येतात. गेल्या तासात एक अक्षर नाही."

"म्हणजे काम बिघडलं की तू काम करताना दिसतोस, आणि नीट चाललं की बसलेला दिसतोस."

"तसंच काहीसं."

"माझा साडू नगरपालिकेत आहे," हाज म्हणाले. "त्याचंही असंच."

हे कौतुक की टोमणा ते मला कळेना. तेवढ्यात बाहेर अंगणात फोन वाजले. एक, मग दुसरा, मग सगळेच. पोत्यांवर टेकून बसलेले शेतकरी खिशात हात घालायला लागले.

"ऐकलंत?" मी म्हणालो. "इथून निघाला, तिथे पोचला. मधे माणूस नाही."

हाजनी मान डोलावली. बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. मग दोघं-तिघं हसले.

"हसतात कशाला?"

"पाळी लागली की माणूस खूश होतो, काका."

फोन परत वाजले. मग परत. मग एवढे वाजायला लागले की गिरणीचं मांजर पत्र्यावर जाऊन बसलं. हसणं आता अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतं. एकाने आपला फोन दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. काय वाचतोय ते घाण्याच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. मी अभिमानाने हाजकडे पाहिलं.

"मेसेज बरेच जातात की," ते म्हणाले.

"सिस्टिम पळतेय आज."

"याचे पैसे कोण भरतं?"

"सी नूरी."

"मग जाऊ देत." त्यांनी पाय पसरले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "तसा मुलगा बरा आहेस तू. गडबड नाही, आरडाओरडा नाही, खोली स्वच्छ. सिहामची आई म्हणत होती त्यात तथ्य आहे. मी काय म्हणतो शाकिर, येत्या रविवारी—"

दार भिंतीवर आपटलं. मबरूका मावशी आत आल्या. हातात फोन होता, पण त्यांचा नव्हता, शेजारणीचा. त्यांच्या फोनमध्ये जागाच नव्हती ना.

"काय रे," त्या म्हणाल्या, "माझ्या पोटात काय गच्च आहे?"

हे वाक्य जगात दोनच ठिकाणी होतं. एक माझ्या स्क्रिप्टमध्ये, आणि एक आता त्यांच्या तोंडात.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"तूच. सकाळपासून सोळा बायकांना सांगितलंस. माझी विहीण धरून. तिने फोन करून वाचून दाखवलं मला, दोनदा. दुसऱ्यांदा हौसेने."

त्यांच्या मागून लझहर आला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. ग्लास त्याने पटकन पाठीमागे नेला.

"पखाल कुणाला म्हणालास?"

"कुणाला नाही रे, ते आपलं—"

"माझं नाव लिहिलंय पुढे. माझा मुलगा शाळेत आहे, त्याच्या मास्तरने त्याला विचारलं, तुझे वडील पखाल का म्हणून. मास्तरांचं जैतून आपल्याकडे येतं, विसरलास का?"

आणि मग सी नूरी. त्यांना मी इतक्या वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं.

"शाकिर, फाटकाबाहेर सगळी पंचक्रोशी उभी आहे. पाळीचा एक मेसेज कुणाला गेला नाही. नुसती लोकांची उणीदुणी चालली आहेत, गिरणीच्या नंबरवरून, माझ्या नावाने. हमादीचं जैतून गाडीत तापतंय, तो म्हणतो फाटक तोडून आत येतो. काय चाललंय?"

"काही चुकलेलं नाही, सी नूरी," मी म्हणालो. "बघा. पडदा."

आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मालक, मबरूका मावशी, लझहर, हाज आणि मी. पडदा इतका स्वच्छ होता की त्यात आम्हा पाचही जणांचे चेहरे दिसत होते. माझा सगळ्यात वाईट.

मी 'जावक' उघडला आणि तिथे माझी चुकांची फाइल दिसली. फुगलेली. मग सगळा उलगडा झाला. स्क्रिप्टने पहिली तक्रार तिच्यात लिहिली. पुढच्या फेरीला स्क्रिप्टला वाटलं, ही जावकातली फाइल, पाठवायची असणार. तिने ती गावभर पाठवली. पाठवताना हाजचा नंबर बंद, मावशींचा भरलेला, आणखी चार-पाच असेच. म्हणजे नव्या तक्रारी. त्या परत फाइलीत. फाइल परत गावभर. एका ओळीच्या पोटी पाच-सहा ओळी, त्यांतल्या प्रत्येकीच्या पोटी पुन्हा पाच-सहा. पाळीचे बिचारे मेसेज या लेकुरवाळ्या फौजेच्या मागे रांगेत उभे. आणि गंमत बघा, लझहर सोडला तर ज्याच्यावर ओळ त्याचाच फोन चालत नव्हता, म्हणून त्याला सोडून बाकी सगळ्यांना ती पोचत होती. मी मोडेमची वायर उपटली. अंगणातले फोन हळूहळू शांत झाले.

त्या शांततेत हाज मखलूफ म्हणाले, "माझ्यावरही असेल काहीतरी."

दारात आणि खिडकीत शेतकरी जमले होते, ते सगळे एकदम आपल्या चपलांकडे बघायला लागले.

"माझ्या फोनवर काही आलं नाही."

"तुमचा नंबर बंद आहे, काका."

"बदललाय मी. वाच तू."

"काका, ते तांत्रिक असतं. तुम्हाला त्यात—"

"वाच."

मी घसा साफ केला. "हाज मखलूफ यांचा नंबर सध्या बंद आहे."

"'यांचा' नाहीये," खिडकीतून आवाज आला. "'हाज मखलूफचा' आहे."

"हाज मखलूफचा नंबर बंद," मी म्हणालो. "फुकटची मिनिटं संपली. आदरणीय काका नव्या कार्डावर गेले."

"'म्हातारा' लिहिलंय," लझहर म्हणाला. चहाचा ग्लास आता उघड हातात होता. "इथे आहे. बघ. 'म्हातारा'."

"म्हातारा नव्या कार्डावर गेला," मी म्हणालो. "एवढंच."

"बदाम राहिला," मबरूका मावशी म्हणाल्या. त्यांना फोनकडे बघायचीही गरज नव्हती, विहिणीकडून पाठ झालं होतं.

काय सांगू, आयुष्यात मी त्या ओळीवर जितकं प्रेम केलं तितकाच तिचा त्या क्षणी तिरस्कार केला. पण वाचली. दोऱ्यासकट वाचली, पाहुणा उठेपर्यंत वाचली. खिडकीत कुणीतरी हसू दाबलं, त्याचा आवाज शिंकेसारखा आला.

हाजनी जपमाळेचा एक मणी सरकवला.

"दोरा ओला झाला तर सुटेल," ते म्हणाले. "मग बदाम पाहुण्याच्या पोटात जाईल."

"हो, काका."

"नीट विचार करून लिहिलेलं नाहीस." ते उठले. "माझी पाळी केव्हा?"

"मघाशीच होऊन गेली."

"मग मी घाण्याकडे जातो. जैतून तापेल."

आणि गेले. रविवारचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लझहरने पाहिलं, म्हणून मी पंखा लावला. डिसेंबरात.

त्यानंतर मी सगळं सरळ केलं. खास ओळी काढून टाकल्या, 'नंबर लागत नाही' असं कोरडं लिहिलं, आणि चुकांची फाइल जावकापासून लांब दुसऱ्या फोल्डरमध्ये, पूर्ण पत्ता लिहून ठेवली. पण पंचक्रोशी ऐकते होय. गिरणीच्या नंबरवर उत्तरं यायला लागली. काही शिव्या होत्या, काही शिव्यांना यमक जुळवलेलं होतं, आणि काही जण विचारत होते की शेजाऱ्यावर पण एखादी ओळ लिहून मिळेल का. ती सगळी माझ्या पडद्यावर एकामागून एक पडत राहायची.

"वाचत बसू नकोस," सी नूरी म्हणाले. "पाळीकडे लक्ष दे. परत घोळ झाला तर मला मेव्हण्याला तुझ्या जागी बसवावं लागेल."

मग मी काय केलं असेल? जे येतं तेच केलं. आलेली उत्तरं सगळी एका फाइलीत वळवली. या वेळी फोल्डर वेगळा, पत्ता पूर्ण, तीनदा तपासून. पडदा परत स्वच्छ. आणि ती फाइल उघडायची नाही असं मनाशी पक्कं केलं. स्वतःच्या आईबापाचा उद्धार वाचायची हौस कुणाला असते?

इकडे मी हाजच्या उत्तराची वाट बघत होतो. आई रोज विचारायची, "काही कळलं?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "बदाम तरी कशाला काढायचे तू? खजूर नव्हते?" सिहाम माझा फोन घेत नव्हती. एकदाच घेतला आणि म्हणाली, "जे बोलायचंय ते बाबांशी बोल," आणि ठेवला. बाबांशी बोलायला मला तोंड नव्हतं. बोलावणं आलं की जाऊ, असं ठरवून मी बसून राहिलो. बोलावणं येईना. जेवण जाईना. आईने नव्या तेलात बुडवून पाव पुढे केला, तर तोही मी अर्धा परत दिला, तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी एक दिवस भट्टीसमोर पावाच्या रांगेत सिहाम दिसली. मला बघून तिने मान फिरवली, मग राहवलं नाही म्हणून परत वळली.

"एवढा माज बरा नाही, शाकिर."

"माज? मी?"

"बाबा इतक्या वर्षांत कुणापुढे एवढे वाकले नाहीत. तुला एक उत्तर द्यायला होत नाही?"

"कशाचं उत्तर? त्यांनी मला काही विचारलंच नाही."

"चार-चार मेसेज केले तुला!"

"माझ्या फोनवर एकही नाही. शपथ."

"तुझा नंबर त्यांच्याकडे कुठे आहे? तू ज्या नंबरवरून त्यांचा पाणउतारा केलास, त्याच नंबरवर केले. गिरणीच्या."

मी पाव तिथेच टाकून गिरणीकडे धावलो. फाइल उघडली. केवढी फाइल ती! शिव्या चाळत, यमकं ओलांडत खाली गेलो, आणि मधेच सापडलं.

'आमच्या घरी बदाम बांधत नाहीत. रविवारी आईला घेऊन ये आणि डोळ्यांनी बघ. मुलगी द्यायची आहे. मखलूफ.'

खाली आणखी पाचपंचवीस शिव्या. मग:

'रविवार गेला. पाहुण्यांसाठी कोकरू आणलं होतं. मखलूफ.'

मग: 'तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना? मखलूफ.'

मग: 'सिहाम जेवत नाही. हो की नाही एवढं कळव. मखलूफ.'

त्यांच्या खालीही काहीतरी होतं, पण मी थांबलो नाही. घरी जाऊन आईला उठवलं, तिने ओढणी घेतली, वाटेत बकलाव्याचा डबा घेतला आणि हाजच्या दारात जाऊन उभे राहिलो. मला धाप लागली होती. ते ओट्यावर बसून पोत्याचं भोक शिवत होते.

"काका, मला आत्ता कळलं," मी म्हणालो, आणि एका दमात सगळं सांगितलं. फाइल, शिव्या, स्वच्छ पडदा, सगळं. ते शिवत राहिले. टाका संपवून त्यांनी दोरा दाताने तोडला.

"उशीर केलास," म्हणाले. "मी शब्द मागे घेतला."

आईने डबा छातीशी धरला.

"कधी, काका?"

"आज सकाळी. मेसेज केला तुला. चांगला लांब. मनात होतं ते सगळं लिहिलं, काही बाकी ठेवलं नाही."

"तो मी वाचला नाही. चौथा वाचला आणि तसाच पळत आलो."

हाजनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे, मग डब्याकडे.

"वाचलाच नाहीस?"

"नाही."

"एक अक्षर नाही?"

"एक अक्षर नाही, काका."

ते पोतं बाजूला ठेवून उठले. "मग तो तुला पोचलाच नाही," ते म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सिहाम, चहा टाक. पाहुणे आलेत."

हंगाम उरकल्यावर आमचं लग्न झालं. तो पाचवा मेसेज मी अजून उघडलेला नाही, आणि हाज हयात आहेत तोवर उघडणारही नाही. सिहामने मात्र वाचला. लग्नानंतर एकदा गिरणीत आली होती तेव्हा, मी घाण्याकडे गेलेलो असताना. घरी येताना मी भीतभीत विचारलं, काय लिहिलंय त्यात?

म्हणाली, "बाबांचं सगळं बरोबर होतं."